खुर्चीतले तीन आठवडे

ईएम थिअरीला घाबरत नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात मला अजून भेटायचा आहे. पेपरच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मॅक्सवेलच्या नावाने जे सामूहिक उसासे ऐकू येतात, त्यात एक माझाही असतो. तशी ती समीकरणं चारच आहेत हे आपल्यावर उपकार. पण ते उपकार मॅक्सवेलचे नाहीत, ऑलिव्हर हेवीसाइडचे आहेत. मॅक्सवेलच्या १८६५ सालच्या मूळ पेपरात वीस समीकरणं होती. व्हायवाला वीस! कल्पना करा.

पण आज मला त्या मॅक्सवेलबद्दल लिहायचं नाही. ज्याच्या घरात आयुष्यभर कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं, आणि त्या प्रत्येक आजारपणात जो आपल्या ख्रिस्ती श्रद्धेला धरून राहिला, त्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल नावाच्या माणसाबद्दल लिहायचं आहे. (एकेरी उल्लेखाबद्दल काही सर नाराज होतील. पण ज्याने आपली एवढी झोप उडवली त्याला अहो-जाहो करवत नाही.)

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी गणपती आणि शाळेत आवर फादर, दोन्ही तोंडपाठ. कुणाचे आईवडील आजारी असले की सिस्टर असेंब्लीत सगळ्यांना डोळे मिटायला लावायच्या. ते बरे झाले तर देवाची कृपा, नाही झाले तर देवाची इच्छा. तेव्हा ते पटायचं. इंजिनीअरिंगला आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, की इनपुट काहीही द्या, उत्तर बरोबरच येणार असेल तर ही कसली सिस्टिम? आणि मग कळलं की ज्याच्यामुळे आपल्याला रेडिओ लहरींचा पत्ता लागला तो माणूस रोज गुडघे टेकून प्रार्थना करणारा होता. म्हणून त्याचं चरित्र शोधून वाचलं. त्याच्या शाळासोबत्याने, लुइस कॅम्पबेलने, विल्यम गार्नेट या सहकाऱ्याबरोबर ते १८८२ साली लिहिलं. जाडजूड आहे, पण ईएमच्या पुस्तकापेक्षा सुसह्य.

मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. आईवडिलांची पहिली मुलगी तान्हेपणीच गेलेली, आई चाळिशीला टेकलेली, त्यामुळे हा लाडका. बालपण गेलं ग्लेनलेअर नावाच्या खेड्यातल्या वाड्यात. आई फ्रान्सिस हीच त्याची पहिली शिक्षिका. बायबलमधलं ११९ वं स्तोत्र हे सगळ्यांत लांब, १७६ वचनांचं. ते या पोराला आठव्या वर्षी पाठ होतं. आपल्याकडे रामरक्षा पाठ असलेल्या मुलांचं कौतुक होतं, तसंच.

आणि त्याच वर्षी आईला पोटाचा कॅन्सर झाल्याचं निघालं. साल १८३९. एडिंबरोत सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरलं ते १८४७ मध्ये, आणि अमेरिकेत ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते १८४६ मध्ये. म्हणजे या बाईने पोटाचं ऑपरेशन पूर्ण शुद्धीत करून घेतलं. वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. डिसेंबरात ती गेली. मुलाला सांगितलं गेलं की आई देवाघरी गेली, तेव्हा तो रडण्याऐवजी म्हणाला की बरं झालं, आता तिला दुखणार नाही. चरित्रकाराने ही गोष्ट त्याच्या कोवळ्या समजुतीचा नमुना म्हणून दिली आहे. मला मात्र त्यात वेगळंच दिसतं. आठ वर्षांच्या मुलाने आई परत दे असा हट्ट देवाकडे धरला नाही, आणि देवावर रागही धरला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर होतं ते तिचं दुखणं. पुढच्या सगळ्या आजारपणांत त्याची नजर तिथेच राहिली.

मधली वर्षं झटपट सांगते. एडिंबरो अकॅडमीत खेडवळ कपडे आणि बोलीमुळे पोरांनी त्याला डॅफ्टी, म्हणजे येडा, असं नाव ठेवलं. (रॅगिंग तेव्हाही होतं.) चौदाव्या वर्षी पहिला पेपर, मग एडिंबरो विद्यापीठ, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, आणि १८५४ च्या गणिताच्या परीक्षेत दुसरा नंबर.

केंब्रिजच्या दिवसांतली एक घटना महत्त्वाची आहे. १८५३ च्या जूनमध्ये तो एका मित्राच्या काकांकडे गेला होता. हे काका, टेलर नावाचे, सफक परगण्यात धर्मगुरू होते. परीक्षेचा ताण आधीच होता, तिथे जाऊन तो तापाने आडवा झाला आणि महिनाभर उठलाच नाही. आईविना वाढलेल्या या मुलाची त्या परक्या कुटुंबाने पोटच्या पोरासारखी सेवा केली. श्रद्धा त्याच्यात लहानपणापासून होती, पण ती पाठांतराची होती. देवाचं प्रेम म्हणजे काय हे आपल्याला इथे समजलं, असं त्यानंतरच्या पत्रांतून दिसतं. गंमत बघा, हा धर्मांचा तौलनिक अभ्यास वगैरे करून श्रद्धेपर्यंत पोचला नाही. कुणीतरी रात्री उठून कपाळावरची पट्टी बदलली, तिथून पोचला.

मग त्याची पाळी आली. १८५४-५५ च्या हिवाळ्यात वडिलांची छाती बिघडली. मुलगा केंब्रिज सोडून एडिंबरोत त्यांच्या उशाशी जाऊन बसला. ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज केला, त्याचं एक कारण हे की तिथलं सत्र सहा महिन्यांचंच असे आणि उरलेला काळ वडिलांजवळ राहता आलं असतं. नोकरी मिळाली. पण मिळायच्या आधीच, एप्रिल १८५६ मध्ये, वडील गेले. ज्यांच्यासाठी नोकरी धरली तेच राहिले नाहीत. तो पंचविशीलाही पोचला नव्हता.

ॲबर्डीनला कॉलेजच्या प्राचार्यांची मुलगी भेटली. कॅथरीन डेवर, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. २ जून १८५८ ला लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. लोकांना कॅथरीन फारशी आवडत नसे. नवऱ्याला त्याच्या शास्त्रज्ञ मित्रांपासून तोडते, सारखी आजारी असल्याचं सांगते, असं तिच्याबद्दल बोललं गेलं. खरं-खोटं देव जाणे. पण रंगांच्या प्रयोगात निरीक्षक म्हणून तासन् तास बसणारी हीच होती, आणि लंडनच्या घराच्या माळ्यावर वायूंच्या व्हिस्कॉसिटीचे प्रयोग चालले तेव्हा तापमान स्थिर राहावं म्हणून शेगडीत कोळसे घालणारीही हीच. आपल्या लॅबमध्ये रीडिंग घेताना एसी कमी-जास्त करण्यावरून भांडणं होतात, ती आठवा.

१८६० हे वर्ष वाईट आलं. ॲबर्डीनची दोन कॉलेजं एकत्र केली गेली आणि मॅक्सवेलची नोकरी गेली. होय, मॅक्सवेलची! एडिंबरोत अर्ज केला, तिथे त्याच्या मित्राला घेतलं. आणि त्याच सुमारास ग्लेनलेअरजवळच्या जत्रेत कॅथरीनसाठी घोडा घ्यायला गेला असता तो देवीचा रोग घेऊन आला. घरातल्या नोकरांना लागण होऊ नये म्हणून कॅथरीनने त्यांना खोलीत येऊ दिलं नाही. औषध, पाणी, धुणं, सगळं एकटीने केलं. आपण वाचलो ते हिच्यामुळे, असं तो पुढे कायम सांगत असे. पाच वर्षांनी घोड्यावरून जाताना फांदी डोक्याला लागली, जखम चिघळून चेहराभर सूज पसरली, तेव्हाही तिनेच निभावलं.

दोघं लांब असली की रोज पत्र, कधी दिवसाला दोन. त्या पत्रांत बायबलचा तोच अध्याय दोघांनी वाचायचा आणि त्यावर काय सुचलं ते लिहायचं, असा नेम. ग्लेनलेअरला असला की रात्री घरातली माणसं आणि नोकरचाकर यांना जमवून प्रार्थना स्वतः घेई. कॉर्सोकच्या चर्चचा तो एल्डर होता. गावात कुणी आजारी पडलं की जाऊन बसे, त्यांची इच्छा असेल तर वाचून दाखवी. हे सगळं मी विस्ताराने अशासाठी सांगतेय, की आजारपण आलं म्हणून त्याला देव आठवला असं कधी झालं नाही.

१८७१ मध्ये केंब्रिजला नवी प्रयोगशाळा उभारायची ठरली आणि प्राध्यापकपद त्याच्याकडे आलं. (आधी विल्यम थॉमसनला विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं.) ही कॅव्हेंडिश लॅब, १८७४ ला सुरू झाली. आणि नेमक्या याच वर्षांत इंग्लंडमध्ये प्रार्थनेवरून केवढा गदारोळ उठला होता ते सांगायला हवं.

झालं असं की १८७१ च्या डिसेंबरात युवराजाला टायफॉइड झाला. देशभर प्रार्थना झाल्या, तो वाचला. प्रार्थनेचाच हा गुण, असा बोलबाला झाला. तेव्हा जुलै १८७२ मध्ये जॉन टिंडॉल या भौतिकशास्त्रज्ञाने एका मासिकात एक प्रस्ताव पुढे केला. एक वॉर्ड निवडा, त्यातल्या रोग्यांसाठी देशभर काही वर्षं प्रार्थना करा आणि इतर ठिकाणच्या मृत्यूंशी आकडे ताडून पाहा. आपल्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल एक्स्परिमेंट. पुढच्याच महिन्यात फ्रान्सिस गाल्टनने आकडेवारी काढून दाखवलं, की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश चर्चमध्ये प्रार्थना करतो ते राजेलोक इतर श्रीमंतांपेक्षा जास्त जगत नाहीत. महिनोन् महिने वाद पेटला. पाद्री चिडले, काही शास्त्रज्ञ खूश झाले.

हा भाग वाचला तेव्हा मला एकदम गेलं वर्ष आठवलं. माझे बाबा अकरा दिवस आयसीयूमध्ये होते. मी बाहेरच्या बाकड्यावर ईएमचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. मावशीने अंगारा आणला, शाळेतल्या मैत्रिणीच्या आईने प्रार्थनेचं कार्ड दिलं, दोन्ही मी उशीखाली ठेवायला नर्सकडे दिले, तिनेही मुकाट्याने ठेवले. एका ओळखीच्यांनी मात्र सांगितलं की श्रद्धा पक्की असेल तर माणूस हमखास उठतो. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल. पण मी रात्रभर त्याचा उलटा अर्थ लावत बसले. बाबा उठले नाहीत तर ती माझ्या श्रद्धेची खोट? म्हणजे शेजारच्या बेडवरचे आजोबा पहाटे गेले, त्यांच्या मुलीची श्रद्धा कमी पडली? ती तर माझ्यापेक्षा जास्त वेळ हात जोडून बसलेली होती. टिंडॉलचा हिशेब आणि या काकांचा हिशेब, दोन्ही एकाच वहीतले वाटले मला. एवढी प्रार्थना घातली, एवढा गुण यायला हवा. (बाबा बरे होऊन घरी आले. आता पथ्य पाळत नाहीत, ती तक्रार वेगळी.)

मॅक्सवेल त्या वहीत लिहितच नव्हता. ख्रिस्ती धर्म आणि विज्ञान यांचा मेळ घालण्यासाठी लंडनला व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. १८७५ मध्ये तिने त्याला सभासद व्हायला बोलावलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, एवढा धार्मिक, म्हणजे हक्काचा माणूस! त्याने नकार दिला. विज्ञानातले तर्क आज एक उद्या दुसरे, त्यांच्याशी श्रद्धा बांधून ठेवली तर तर्क बदलल्यावर श्रद्धेचं काय, आणि ज्याने-त्याने हा मेळ आपल्यापुरता घालावा, संस्थेचा शिक्का मारून नव्हे, अशी त्याची भूमिका होती. मला हे फार आवडलं. देव सिद्ध करायला त्याने आपलं फिजिक्स वापरलं नाही आणि फिजिक्सच्या गाळलेल्या जागी देवही भरला नाही.

मग आजारपणात त्याची श्रद्धा दिसायची कुठे? तर खुर्चीत.

कॅव्हेंडिशच्या त्या वर्षांत कॅथरीनचं दुखणं वाढलं. नेमका आजार कोणता ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. तिला रात्री एकटं ठेवणं शक्य नव्हतं. एकदा तर सलग तीन आठवडे मॅक्सवेल पलंगावर झोपलाच नाही. रात्रभर तिच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसायचं, तिथेच जमेल तसा डोळा लावायचा, आणि सकाळी उठून लेक्चर आणि लॅब, नेहमीसारखी. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवरून फेरी मारणं, हेन्री कॅव्हेंडिशच्या जुन्या कागदांचं संपादन, काही थांबवलं नाही. आपण सबमिशनसाठी एक नाइट मारली तर दुसऱ्या दिवशी लेक्चरला मान टाकतो. हा तर पंचेचाळिशीच्या आसपासचा माणूस, आणि एकवीस रात्री!

त्या रात्रींत तो काय प्रार्थना करत असेल? त्याचं संपूर्ण आयुष्य पाहता तिच्या बरं होण्यासाठी तो नक्की मागत असणार, माणूसच होता. पण डॉक्टरांना पत्रं लिहिणंही चालूच होतं. केंब्रिजचे डॉक्टर पॅजेट हे त्यांचे वैद्य. देवावर सोडलं म्हणून औषध सोडलं, असला प्रकार त्याच्याकडे नाही, आणि औषध चालू आहे म्हणून प्रार्थना सोडली असंही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा देव पलंगाच्या पलीकडे उभा राहून बरं करायचं की नाही ते ठरवणारा नव्हता. तो खुर्चीच्या बाजूला होता. रात्री तीन वाजता उठून पाणी द्यायला लागणारं बळ तिथून यायचं. सफकला टेलर कुटुंबात त्याने जे घेतलं होतं, तेच तो इथे देत होता.

१८७७ पासून त्याचं स्वतःचं पोट बिघडलं. जेवल्यावर घास अडकल्यासारखा व्हायचा. तो पाण्यात सोडा घालून प्यायचा आणि कामाला लागायचा. जवळजवळ दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. एप्रिल १८७९ मध्ये डॉक्टर पॅजेटना पत्र लिहिलं तेही बायकोच्या तब्येतीविषयी, आणि त्यातच आपल्या पोटाची तक्रार जाता जाता नोंदवली. घरोघरच्या आया करतात तसंच. स्वतःचा रिपोर्ट शेवटी.

उन्हाळ्यात दोघं ग्लेनलेअरला गेली. सप्टेंबरात गार्नेट भेटायला आला, तेव्हाही घरातली रात्रीची प्रार्थना मॅक्सवेलच घेत होता. दुखणं असह्य झाल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला एडिंबरोहून डॉक्टर सँडर्स आले. त्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं की महिनाभर उरला आहे. पोटाचा कॅन्सर. आईचाच आजार, आणि जवळपास आईचंच वय.

यानंतरचा महिना डॉक्टरांनी लिहून ठेवला आहे म्हणून कळतो. ऐकल्यावर मॅक्सवेलची पहिली काळजी होती कॅथरीनची. ती स्वतः अंथरुणावर होती. आपल्यामागे तिची व्यवस्था काय, तिला कोण सांभाळणार, एवढंच तो विचारत राहिला. दोघांना केंब्रिजला हलवण्यात आलं. वेदना होत्या, पण स्वतःबद्दल तक्रार नव्हती. डॉक्टर पॅजेटनी अनेक मृत्यू पाहिलेले, पण इतकं स्वच्छ आणि शांत मन शेवटपर्यंत राहिलेलं पाहून तेही चकित झाले. भेटायला आलेल्या धर्मशास्त्राच्या एका प्राध्यापक मित्राला, हॉर्टला, त्याने सांगितलं की आयुष्यभर मला कोणीतरी हळुवार हाताने नेत आलं आहे. कुठे धक्का बसू दिला नाही. माझ्या नावावर जमा आहे ते माझ्याहून मोठं असं कोणीतरी माझ्यात करत होतं.

धक्का बसू दिला नाही? आई आठव्या वर्षी गेली, वडील नोकरी लागायच्या तोंडावर, नोकरी गेली, देवी आल्या, बायको आजारी, आता स्वतः. हे वाचून मी अडखळले. शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, शेवटी माणूस असं बोलतोच गं. असेलही. पण या माणसाला खोटं बरं बोलायची सवय नव्हती. त्याच्या पेपरांत जिथे यांत्रिक कल्पना फक्त समजण्यापुरती आहे तिथे तो तसं लिहून टाकतो. मरताना तो वेगळ्या मापाने बोलला असेल, असं मला वाटत नाही.

धर्मगुरूने त्याला घरीच कम्युनियन दिलं. धर्मगुरू आपला झगा घालत होता तेवढ्या वेळात याने जॉर्ज हर्बर्टची एक कविता पाठ म्हटली. पाठांतर आईने लावलेलं. ५ नोव्हेंबर १८७९ ला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

हर्ट्‌झने त्याच्या लहरी प्रयोगात पकडून दाखवल्या त्या १८८८ च्या सुमारास, म्हणजे नऊ वर्षांनी. त्याला ते बघायला मिळालं नाही. कॅथरीनलाही नाही, ती १८८६ च्या डिसेंबरात गेली. जिला लोक कायमची आजारी म्हणत, ती नवऱ्यामागे सात वर्षं जगली. स्कॉटलंडमध्ये पार्टनच्या जुन्या चर्चच्या आवारात आई, वडील, तो आणि ती, चौघं एकाच ठिकाणी आहेत.

आणि जिच्याबद्दल बोललं जायचं की हिला नवऱ्याचं फिजिक्स खपत नाही, तिच्या मृत्युपत्रातून पैसा आला तो कॅव्हेंडिश लॅबला. त्यातून क्लार्क मॅक्सवेल स्कॉलरशिप सुरू झाली. १८९६ मध्ये ती सी. टी. आर. विल्सन नावाच्या एका स्कॉटिश मुलाला मिळाली. क्लाउड चेंबर बनवून १९२७ सालचं नोबेल मिळवलं तोच हा विल्सन.